दोनशे तेहेतीस नंबरची उजवी कड

सकाळचे सात वाजून बेचाळीस मिनिटं झाली होती. मोजणीताईंनी गाठीचा तुकडा बसवलेला मेणाचा ब्लॉक मशीनच्या पकडीत बसवला, चाक एकदा रिकामं फिरवून पाहिलं आणि श्वास रोखला. श्वास रोखायची ही सवय सव्वीस वर्षांची. काप चार मायक्रॉनचा घ्यायचा असतो, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीचे सतरा भाग केले तर त्यातला एक. पात्यावरून सुटताना त्याला नाकातली हवा लागली तरी तो उडतो आणि जाऊन एप्रनला चिकटतो. कोणाच्या तरी शरीराचा तेवढा तुकडा मग वाया गेला. ताईंचे काप उडत नाहीत. एकामागून एक सुटतात, एकमेकांना धरून त्यांची फीत होते. ती फीत कुंचल्याच्या टोकानं उचलून त्या गरम पाण्यावर सोडतात, सुरकुत्या गेल्या की खालून काच घालून अलगद वर घेतात.

त्या दिवशी तिसरा काप उडाला.

ताईंनी तो बाहीवरून चिमटीनं काढला, टोपलीत टाकला आणि टेबलाच्या डाव्या कोपऱ्याकडे पाहिलं. तिथे काल संध्याकाळपासून एक छापील यादी पडून होती. पाच पानं, टाचणी मारलेली. पहिल्या चार पानांशी ताईंना कर्तव्य नव्हतं. पाचव्या पानावर तीन ओळी पिवळ्या केलेल्या होत्या, त्यातली शेवटची त्यांची होती.

ही खोली म्हणजे एका कॅन्सरच्या दवाखान्यातला संशोधन विभाग. तळमजल्यावर, पॅसेजच्या टोकाला, क्ष-किरण विभागाच्या पुढे. बाहेर पाटी आहे, पण ती वाचायला कोणी येत नाही. रस्ता चुकलेले पेशंट तेवढे दार ढकलतात आणि मेणाचा वास आला की परत फिरतात. आत काम एकाच प्रश्नावर चालतं. शरीरात गाठ वाढते ती खाते काय? मोहरीच्या दाण्याएवढी होईपर्यंत तिचं आजूबाजूच्या पाझरावर भागतं. त्यापुढे वाढायचं तर रक्त हवं, आणि रक्त हवं तर वाहिनी हवी. मग गाठ शेजारच्या चांगल्या रक्तवाहिनीला निरोप धाडते, आणि तीही भोळी. तिला फांदी फुटते, फांदीला पुन्हा फांदी, आणि ती थेट गाठीच्या दारात. जितक्या वाहिन्या जास्त, तितकी गाठ जोरात. म्हणून त्या मोजायच्या. कापावर एक रंग चढवला की वाहिन्यांचं अस्तर तपकिरी दिसतं, बाकी सगळं निळसर. आधी छोट्या भिंगाखाली पूर्ण काप हिंडून पाहायचा. तपकिरी रंग सर्वांत दाट कुठे आहे ते शोधायचं. पुस्तकात त्याला काही का म्हणेनात, ताई त्याला ‘वस्ती’ म्हणतात, आणि आता सगळा विभागच वस्ती म्हणतो. दाट वस्तीतल्या तीन जागा मोठ्या भिंगाखाली मोजायच्या आणि सरासरी लिहायची.

सव्वीस वर्षं ताईंनी हेच केलं. डाव्या हातात टिकटिकी गणक, उजवा हात काच सरकवायला. म्हणून तर मोजणीताई. मूळ नाव पगाराच्या चिठ्ठीवर असतं, ते वाचून त्यांनाच कधीकधी वाटतं, ही कोण बाई.

विभागात आठ महिन्यांपूर्वी एक नवं यंत्र आलं. काच आत घातली की ते अख्ख्या कापाचा फोटो काढतं आणि वाहिन्या स्वतः मोजतं. मागच्या अभ्यासातल्या चारशे बारा काचा त्यातून पुन्हा काढल्या. माणसाचा आकडा आणि यंत्राचा आकडा यांत दहापर्यंतचा फरक चालेल, असं ठरलेलं. चारशे नऊ काचा पास झाल्या. तीन राहिल्या. दोन काचांखाली हवेचे बुडबुडे होते, त्यांत कोणाची चूक नव्हती. तिसरी काच नंबर दोनशे तेहेतीस. तिथे ताईंचा आकडा बावन्न, दुसऱ्या मोजणाऱ्याचा चोपन्न, यंत्राचा सत्त्याऐंशी.

काचेवर नाव नसतं, नुसता नंबर असतो. पण दोनशे तेहेतीस नंबर कोणाचा, हे त्या खोलीत एका माणसाला माहीत होतं. तो ताईंच्या धाकट्या भावाचा होता.

अभ्यासाचा नियम असा होता: सरासरी साठ किंवा वर, तर पेशंटला नवं औषध, वाहिन्यांची वाढ तोडणारं. साठच्या खाली, तर नेहमीचे उपचार.

•

भाऊ ताईंपेक्षा नऊ वर्षांनी लहान. आई गेली तेव्हा तो सात वर्षांचा होता आणि ताई सोळा. वडील फिरतीवर. त्यामुळे शाळेचा डबा, नखं, गोवर, पाढे सगळं ताईंच्या गळ्यात. पाढे त्याला कधी आले नाहीत. सत्तावीसच्या पाढ्याला तो ‘सत्तावीस चोक’ इथे येऊन थांबायचा आणि विचारायचा, “ताई, पुढचं पाणी गेलंय का?” पुढे तो प्लंबर झाला. चांगला प्लंबर. भिंतीला कान लावून गळती कुठे ते सांगायचा. त्याच्या स्वतःच्या स्वयंपाकघरातला नळ मात्र कायम ठिबकत असायचा, भावजय त्याला फडकं बांधून ठेवायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, “हे आमचे नामांकित.”

सव्वादोन वर्षांपूर्वी त्याच्या लघवीतून तांबडं पाणी गेलं. त्यानं ते दीड महिना कोणाला सांगितलं नाही. “जुन्या पाइपला पहिलं पाणी गंजाचंच येतं,” असं नंतर ताईंना म्हणाला. ताईंनी त्याच्या पाठीत धपाटा घातला. सत्तेचाळीस वर्षांच्या माणसाच्या. डाव्या मूत्रपिंडात गाठ निघाली, लिंबाएवढी. दुसऱ्या एका दवाखान्यात ऑपरेशन झालं, मूत्रपिंड काढलं. नऊ महिने बरे गेले. मग फुप्फुसात ठिपके दिसले.

त्या ठिपक्यांच्या दिवसांत तो एकदा ताईंकडे जेवायला आला होता. गाठ काय करते हे त्यानं तपशिलात विचारलं. ताईंनी कागदावर काढून दाखवलं. इथे मोठी वाहिनी, इथे गाठ, इथून ही फांदी.

तो चित्राकडे बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, “अगं, हे तर चोरून घेतलेलं नळकनेक्शन आहे.”

“तसंच म्हण.”

“मेन लाइनला भोक पाडलंय बेट्यानं. मीटर नाही, परवानगी नाही. आणि दाब आमचा कमी.” त्यानं कागद घडी करून खिशात घातला. “आणि तू काय करतेस? कनेक्शनं मोजतेस?”

“मोजते.”

“तोडत नाहीस?”

“तोडायचं औषध वेगळं. ते आमच्या विभागाच्या मॅडम बघतात.”

“म्हणजे तू मीटर रीडर,” भाऊ म्हणाला. “मला इतकी वर्षं वाटत होतं, तू शास्त्रज्ञ आहेस.”

पंधरा दिवसांनी त्याच्या डॉक्टरांनी त्याचं नाव या अभ्यासासाठी पाठवलं. त्यानं फोन करून सांगितलं, “ताई, आता तुझ्याच दारात येतोय. नीट वाच हं.”

खोलीत, मोजणीच्या सूक्ष्मदर्शकाच्या वरच, भिंतीला एक कागद चिकटवलेला आहे. त्यावर पाच नियम. दुसरा नियम: एकमेकांचा आकडा विचारू नये. चौथा नियम: नात्यातल्या माणसाचा नमुना असल्यास मोजणाऱ्याने उठावे व विभागप्रमुखांना कळवावे. अक्षर ताईंचं आहे. बारा वर्षांपूर्वीचं, निळ्या शाईचं.

ताई उठल्या नाहीत. मनाशी म्हणाल्या, नंबराला नातं नसतं. महिन्याला चाळीस ब्लॉक येतात, त्यात आपला कुठला ते कोणाला कळणार? पण ब्लॉक ज्या प्लास्टिकच्या चौकटीत बसवतात ती या दवाखान्यात पांढरी असते. त्या आठवड्यात बाहेरून आलेला ब्लॉक एकच होता, आणि त्याची चौकट हिरवी होती. हिरवी चौकट हातात घेतली तेव्हा ताईंना कळलं, आणि कळलं हेही कळलं.

त्यांनी काप घेतला. रंग चढवला. छोट्या भिंगाखाली हिंडल्या. उजव्या कडेला वस्ती होती, दाट, इतकी की मध्ये निळं औषधालाही दिसेना. त्या कडेला कापाची एक जराशी घडी पडली होती. पाण्यावर फीत नीट पसरली नाही की पडते. ताईंनी वहीत लिहिलं: ‘उजवी कड दुमडलेली, सोडली.’ मग त्या मध्यभागी आल्या, तिथल्या तीन जागा मोजल्या. बावन्न, एकोणपन्नास, पंचावन्न. सरासरी बावन्न.

दुमडलेली कड सोडावी, हे नियमाला धरूनच आहे. पण अशा वेळी ताई आणखी एक गोष्ट करतात. ब्लॉक पुन्हा मशीनला लावतात आणि नवा काप घेतात. सगळं धरून अर्ध्या दिवसाचं काम. त्याच अभ्यासात त्यांनी असे नवे काप एकोणीस वेळा घेतले होते. वहीत तारखेसह आहेत. दोनशे तेहेतीसचा घेतला नाही.

त्या संध्याकाळी त्या हलक्या पावलांनी घरी गेल्या. सव्वीस वर्षांत डोळ्याला एकच शिकवण मिळालेली: आकडा मोठा की त्या खोलीत कोणीतरी “अरेरे” म्हणायचं, लहान की “सुटला बिचारा.” या अभ्यासात औषध मोठ्या आकड्याला मिळणार होतं हे त्यांना माहीत होतं. पत्रक त्यांनीच टाइप केलं होतं. पण डोक्याला माहीत असणं वेगळं आणि डोळ्याला वेगळं. भावाला औषध मिळालं नाही, तेव्हा त्या भावजयीला म्हणाल्या होत्या, “बरंच झालं. म्हणजे त्याची गाठ तितकी जोरात नाही.” भावजयीनं देवाचे आभार मानले आणि ताईंचेही.

ही गोष्ट चौदा महिन्यांपूर्वीची. आता भाऊ अंथरुणाला खिळला होता. डॉक्टरांनी गेल्या सोमवारी सहा ते आठ आठवडे म्हटलं होतं. त्याची मुलगी लांबच्या शहरात, पहिलटकरीण, चौथा महिना संपून पाचवा लागलेला.

•

साडेआठला दुसरे मोजणारे आले. त्यांना विभागात रीओढे म्हणतात. आडनाव नव्हे, मीटिंगमध्ये साहेब काही बोलले की “अगदी बरोबर” हा शब्द त्यांच्याकडून येतो, त्यावरून पडलेलं. माणूस सज्जन. डबा नेहमी वाटून खाणार.

“ताई, यादी पाहिलीत? यंत्रानं पास केलं आपल्याला!” त्यांनी एप्रनची बटणं लावता लावता सांगितलं. “चारशे बारात एक. अहो, पेढे वाटायला पाहिजेत.”

“दोनशे तेहेतीस,” ताई म्हणाल्या.

“त्यात काय? कड दुमडलेली होती. वहीत तुमच्याच अक्षरात आहे. यंत्राला काय कळतंय, घडी पडली की ते एकाच वाहिनीला दोनदा मोजतं. मॅडमना मी तसं सांगतो.”

“तुम्ही चोपन्न कसे मोजलेत?”

रीओढे तिसऱ्या बटणाशी थांबले.

“तुम्ही बावन्न म्हणाला होतात ना.”

“दुसरा नियम काय आहे?”

“ताई, आता सकाळी सकाळी…” त्यांनी भिंतीवरच्या कागदाकडे पाहिलं आणि लगेच नजर काढली. “सूर्य उगवला असं तुम्ही म्हणालात, तर मी परत खिडकीत जाऊन बघत नाही. दोन वर करायचे, नाहीतर दोन खाली. कधी चुकलोय का आपण?”

“किती काचांना असं केलंत?”

“तुमच्या सगळ्याच,” रीओढे म्हणाले. आणि मग, बोलल्यावर ते काय बोलले हे त्यांच्या लक्षात आल्यासारखे, स्टुलावर बसले.

ताईंनी यंत्राच्या पडद्यावर दोनशे तेहेतीसचा फोटो उघडला. उजवीकडे सरकवला. घडी होती. नखाएवढी जाड रेघ दिसत होती, गडद. पण तिच्या अलीकडे काप सपाट होता. स्वच्छ. त्या सपाट भागात तपकिरी ठिपके असे दाटले होते की बोट ठेवायला जागा नाही. ताईंनी टिकटिकी हातात घेतली. पडद्यावरच, घडीला स्पर्श न करता, तीन जागा मोजल्या. एक्याण्णव. चौऱ्याऐंशी. शहाऐंशी. भागाकार केला. सत्त्याऐंशी. यंत्रानं घडीतलं काहीही दोनदा मोजलेलं नव्हतं.

“काय आलं?” रीओढेंनी विचारलं.

“तुम्ही मोजा,” ताई म्हणाल्या. “माझा आकडा मी सांगणार नाही.”

रीओढेंनी मोजलं. त्यांना वीस मिनिटं लागली, सवय गेलेली. त्यांचा आकडा पंच्याऐंशी आला. ते ताईंकडे पाहत राहिले, पण काही विचारलं नाही.

•

दहाला मॅडम आल्या. विभागप्रमुख, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेल्या, तिखट जिभेच्या. काम नीट असेल तर ‘हं’ म्हणतात. गेल्या सव्वीस वर्षांत ताईंना त्यांनी कधी रागावलेलं कोणी ऐकलं नव्हतं.

“तो दोनशे तेहेतीस पाहिला मी,” मॅडम खुर्चीत बसता बसता म्हणाल्या. “वहीपण पाहिली. कड दुमडलेली, सोडली. नियमाप्रमाणे आहे. अहवालात एक तळटीप टाकू. चारशे बारात एक चूक म्हणजे लोकांनी तुमच्या पाया पडायला पाहिजे.”

इथे ताईंनी मिठाची गुळणी धरली असती तर गोष्ट संपत होती. कागद स्वच्छ होते. वही स्वच्छ होती.

“मॅडम, कड दुमडली की मी नवा काप घेते,” ताई म्हणाल्या. “त्या अभ्यासात एकोणीस वेळा घेतलाय. हा घेतला नाही.”

“विसरलात.”

“विसरले नाही.”

मॅडमनी चष्मा काढला.

“तो माझ्या भावाचा होता. ब्लॉक हातात आला तेव्हाच मला कळलं होतं. चौकट हिरवी होती. मी उठायला हवं होतं.”

मॅडमनी विचारलं, “तुम्हाला आकडा कमी यायला हवा होता?”

“तेव्हा विचारलं असतंत तर नाही म्हटलं असतं,” ताई म्हणाल्या. “आता वाटतं, वस्ती मला दिसली होती आणि मला तिथे जायचं नव्हतं.”

“औषध वरच्या आकड्याला होतं हे माहीत असून?”

“हो.”

दुसरा आकडा चोपन्न कसा आला, हे मॅडमनी विचारलं आणि ताईंनी तेही सांगितलं. मॅडमनी समोरचा कागद सरळ केला. सरळच होता तो. मग त्यांनी एकेक गोष्ट सांगितली, सांगायची म्हणून. हे समितीला लेखी कळवावं लागेल. ताईंच्या सगळ्या काचा, दोनशे तेहेतीससकट, पुन्हा दोन माणसं स्वतंत्रपणे मोजतील. रीओढेंचं प्रकरण वेगळं, ते वेगळं बघू. ताईंनी काप घ्यावेत, पण मोजणी नाही, आजपासून. अभ्यास पाच महिन्यांपूर्वी बंद झालाय, औषध बाहेर कुठे मिळत नाही, आणि मिळालं तरी आत्ताच्या अवस्थेत ते देता येणार नाही, रक्तस्राव होईल.

“ते मला माहीत आहे,” ताई म्हणाल्या. “एक विचारू? ज्यांना मिळालं त्यांचं काय झालं?”

“अहवाल अजून छापला नाही.”

“मॅडम.”

मॅडमनी खिडकीकडे पाहिलं. “निम्म्यांना काही फरक पडला नाही. उरलेल्या निम्म्यांना सरासरी पाच महिने जास्त मिळाले. तो कुठल्या निम्म्यात असता, हे कोणीही सांगू शकत नाही. मीपण नाही, तुम्हीपण नाही. हे डोक्यात पक्कं ठेवा.”

“हं,” ताई म्हणाल्या.

“घरी सांगू नका एवढ्यात. समिती ठरवेल काय सांगायचं ते. दोन-तीन महिने लागतील.”

“त्याच्याकडे तेवढे महिने नाहीत,” ताई म्हणाल्या आणि उठल्या. “मी आज सांगणार आहे.”

मॅडमनी त्यांना अडवलं नाही.

•

भावाचं घर ताईंच्या घरापासून दोन स्टॉप पलीकडे, दुसऱ्या मजल्यावर. ताई साडेपाचला पोचल्या. पलंग खिडकीला लावला होता. खिळ्याला हत्यारांची पिशवी लटकत होती, तिच्या तोंडातून पाइप पाना बाहेर डोकावत होता. स्वयंपाकघरात नळ ठिबकत होता. फडकं कोणी काढलं होतं कोण जाणे.

भाऊ उशीला टेकून बसला होता. गळ्याची हाडं वर आलेली. डोळे मात्र तेच, टवाळ.

“आलीस? ये. ही बघ, नळ दुरुस्त करायला दुसरा प्लंबर बोलवू का म्हणून विचारते. माझ्या जिवंतपणी!”

“रात्रभर झोपू देत नाही तो नळ, वन्सं,” भावजय दारातून म्हणाली. “आणि हे मोजत बसतात. मिनिटाला चौदा थेंब म्हणे.”

“सतरा झालेत कालपासून. वायसर गेलाय,” भाऊ म्हणाला. “मोजायची सवय आमच्या घराण्यातच.”

भावजय चहा टाकायला आत गेली. ताई पलंगाच्या कडेला बसल्या. त्यांनी वाटेत सगळं मनाशी जुळवून ठेवलं होतं, काय आधी, काय मागून. ते सगळं विसरल्या आणि सरळ सांगितलं. हिरवी चौकट. उजवी कड. नवा काप घेतला नाही. बावन्न. आणि आज सत्त्याऐंशी. त्यांचा आवाज सपाट होता, हिशेब वाचून दाखवल्यासारखा.

ऐकताना भाऊ हातावरच्या सुईच्या पट्टीचं टोक नखानं उचलत होता. संपल्यावर तो ताईंकडे बघून जरासा हसला.

“मीटर वाचायला आपलं माणूस आलं,” तो म्हणाला, “की आकडा कमीच येतो, ताई. आमच्या धंद्यात तर हे शेंबड्या पोरालापण ठाऊक आहे.”

ताईंना हसू आलं नाही. तोही फार वेळ हसला नाही.

“म्हणजे मला मिळालं असतं? ते औषध?”

“मिळालं असतं.”

“आणि मग?”

“निम्म्यांना उपयोग झाला नाही.”

“आणि उरलेले निम्मे?”

ताईंनी सांगितलं नसतं तर त्यानं ओळखलं असतं. लहानपणी ताप किती आहे हे लपवताना त्यांचा चेहरा जसा व्हायचा, तसा तो झाला असता.

“पाच महिने,” त्या म्हणाल्या.

भावानं उजव्या हाताचा अंगठा करंगळीवर ठेवला. एक. शेजारच्या बोटावर नेला. तो महिने मोजत होता, हे ताईंना दिसत होतं. सहा-आठ आठवड्यांच्या पुढचे महिने. मधलं बोट. तर्जनी. मुलीचे दिवस भरणार होते तिथे अंगठा आला आणि थांबला. त्यानं पुढे मोजलं नाही. तर्जनीच्या टोकावर अंगठा दाबून धरला. नख पांढरं पडलं.

स्वयंपाकघरात ठिबक चालू होती. चहाचं पाणी केव्हाच उकळून आटत आलं असावं, जळका वास यायला लागला होता. भावजय दारात उभी होती. ती कधीपासून तिथे होती, हे कोणाला कळलं नाही. तिच्या हातात चिमटा होता.

“पोरीला सांगू नका,” भाऊ म्हणाला. हे तो दोघींना म्हणाला. मग ताईंना: “तू आता काय करणार? काढणार का तुला?”

“काप घेईन. मोजायला बंदी.”

“अरेरे,” भाऊ म्हणाला. चेष्टेत नव्हे. त्याला खरंच वाईट वाटलेलं दिसत होतं, आणि ते ताईंना इतर कशाहूनही सोसलं नाही. त्या उठून खिडकीशी गेल्या. खाली रस्त्यावर एक माणूस सायकलला कुलूप लावत होता. कुलूप लागत नव्हतं. तो पुन्हा पुन्हा किल्ली फिरवत होता.

“ताई.”

“काय रे?”

“ती कड फार दाट होती का गं? चांगलीच?”

“इतकी दाट मी दोनदाच पाहिली असेल.”

“मग तू केलंस ते…” तो थांबला. वाक्य काय होणार होतं ते ताईंना शेवटपर्यंत कळलं नाही. त्यानं डोळे मिटले. “जा आता. मला झोप आलीये.” त्याला झोप आली नव्हती. ताई दारापर्यंत गेल्या तरी त्याचे ओठ हलत होते. तो थेंब मोजत होता.

भावजय त्यांना सोडायला जिन्यापर्यंत आली. इतकी वर्षं ती शेवटच्या पायरीपर्यंत यायची आणि म्हणायची, सावकाश, वन्सं, दिवा नाही जिन्यात. आज ती वरच उभी राहिली.

“त्या दिवशी तुम्ही म्हणालात, बरंच झालं,” ती म्हणाली. “मी तुमचा हात हातात घेतला होता.”

“हो.”

“चार दिवस येऊ नका.”

“बरं.”

“चार दिवसांनी या,” भावजय म्हणाली. “त्यांना चालणार नाही तुम्ही आला नाहीत तर. मला काय वाटतं ते मी बघेन.” तिनं दार लावलं. आपटलं नाही. कडी मात्र आतून घातली, ती त्या घरात दिवसा कधी घालत नसत.

ताई जिना उतरल्या. घरी जाताना त्या स्टॉपवर न थांबता चालत गेल्या, दोन्ही स्टॉप. वाटेत दवाखाना लागतो. तळमजल्यावरच्या खोलीत दिवा होता. रीओढे अजून बसले होते. काचेतून त्यांची पाठ दिसत होती, वाकलेली, आणि डावा हात, गणकावर. ताई आत गेल्या नाहीत.

उद्याचे अकरा ब्लॉक आहेत. दहा पांढऱ्या चौकटीतले, एक बाहेरचा. वॉटर बाथचं बटण साडेसातला दाबलं जातं, पाणी बेचाळीस अंशांवर यायला बारा मिनिटं लागतात. काप ताई घेतील. नऊ वाजता काचा मोजणीच्या टेबलावर जातील, तिथे रीओढे पहिले मोजतील आणि यंत्र दुसरं, आणि ताईंच्या नावापुढचा रकाना रिकामा राहील.